बायबलमधील पुस्तके बादशहाने निवडली नाहीत

मा. संपादक यांस,

सादर नमस्कार.

निकियाच्या परिषदेला सतराशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत जो लेख आला, त्यातील एका विधानाविषयी हे पत्र लिहीत आहे. इ.स. ३२५ मध्ये कॉन्स्टंटाइन बादशहाने बिशपांना निकियाला बोलावून मतदान घेतले, बायबलमध्ये कोणती पुस्तके ठेवायची आणि कोणती वगळायची हे त्या मतदानाने ठरले आणि वगळलेली पुस्तके जाळण्यात आली, असे त्यात म्हटले आहे. लेखाचा बाकीचा भाग मेहनतीने लिहिलेला आहे आणि पुत्र हा पित्याच्या बरोबरीचा नाही असे शिकवणाऱ्या एरियस या धर्मसेवकाच्या मतावरून पेटलेला वाद त्यात नीट समजावून दिला आहे, म्हणूनच हे एक वाक्य अधिक खटकले. ते लेखकाच्या पदरचे नाही हे मी जाणते. एका गाजलेल्या इंग्रजी कादंबरीने ते जगभर पोहोचवले आणि आता ते मोबाइलवर फिरत असते. परंतु वर्तमानपत्रात छापून आले की त्याला वजन येते. नागपूरच्या सदर भागातील आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) संडे स्कूलमध्ये मी बरीच वर्षे शिकवते आहे. दहावी-बारावीची मुले हा प्रश्न घेऊन येतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात कुतूहलाबरोबरच, आपल्यापासून घरच्यांनी काही लपवून ठेवले की काय, अशी शंकाही असते. त्या मुलांसाठी आणि आपल्या सर्वच वाचकांसाठी ही हकीकत पुराव्यानिशी मांडावी असे वाटते. विषय गुंतागुंतीचा असल्याने पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

निकिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझनिक. तेथे भरलेल्या परिषदेचे २० नियम उपलब्ध आहेत आणि ते कोणालाही वाचता येतात. बिशपांची नेमणूक कशी व्हावी, धर्मसेवकांनी व्याजबट्टा करू नये, छळाच्या काळात डगमगलेल्यांना पुन्हा मंडळीत कसे घ्यावे, असे त्यांचे विषय आहेत. याखेरीज एरियसविरुद्धचा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेचे अधिकृत निवेदन, तेथे तयार झाला आणि पुनरुत्थानाच्या सणाची तारीख सर्वांनी एकच पाळावी असे ठरले. प्रमाण ग्रंथांची यादी, जिला कॅनन म्हणतात, तिच्याविषयी या २० नियमांत एक अक्षर नाही. निकियाच्या परिषदेने यूदीथचे पुस्तक पवित्र शास्त्रात गणल्याचे वाचनात येते, असे एक वाक्य बायबलचे लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहिले आहे, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. पण ते एका पुस्तकापुरते आहे आणि त्यावरून संपूर्ण बायबल तेथे निवडले गेले असे म्हणता येत नाही. पुस्तके निवडल्याची कथा आढळते ती नवव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या एका ग्रीक वृत्तांतात, म्हणजे घटनेनंतर साडेपाचशेहून अधिक वर्षांनी. सगळी पुस्तके वेदीपाशी ठेवून बिशपांनी प्रार्थना केली, तेव्हा खरी वर राहिली आणि खोटी खाली सापडली, अशी ती चमत्काराची कथा आहे, आणि तिच्यातही मतदान नाही. अठराव्या शतकात व्होल्तेरने ती खिल्ली उडवण्यासाठी वापरली आणि तेथून ती सर्वतोमुखी झाली. जाळपोळीविषयी एवढे खरे की कॉन्स्टंटाइनने एरियसचे लेखन जाळण्याचा हुकूम काढला होता. ते कृत्य समर्थनीय नव्हतेच. पण एरियसचे लेखन कोणत्याही मंडळीत शास्त्र म्हणून वाचले जात नव्हते, त्यामुळे त्याचा बायबलच्या यादीशी संबंध पोहोचत नाही.

सर्वांत बोलका पुरावा निकियानंतरच्या वर्षांतला आहे. यरुशलेमचा बिशप सिरिल याने इ.स. ३५० च्या सुमारास बाप्तिस्मा घेणाऱ्यांना शिकवताना नव्या कराराची यादी दिली, तिच्यात प्रकटीकरण, म्हणजे आजच्या बायबलमधील शेवटचे पुस्तक, नाही. नाझियान्झसच्या ग्रेगरीच्या यादीतही ते नाही. अथनेशियस तर निकियाला आपल्या बिशपाबरोबर डीकन (साहाय्यक धर्मसेवक) म्हणून स्वतः हजर होता; पुढे अलेक्झांड्रियाचा बिशप झाल्यावर इ.स. ३६७ मधील पुनरुत्थानाच्या सणानिमित्तच्या पत्रात त्याने नव्या करारातील २७ पुस्तके नावानिशी दिली, आणि आज आपल्या हातात असलेल्या २७ पुस्तकांशी तंतोतंत जुळणारी पहिली उपलब्ध यादी हीच. ही पुस्तके परंपरेने सोपवली गेली आणि दैवी असल्याची खात्री पटली, असे तो लिहितो. एवढ्या मोठ्या परिषदेत मतदानाने निर्णय झाला असता, तर तेथे बसलेल्या माणसाने ४२ वर्षांनी लिहिताना तिचे नाव घेतले नसते, हे संभवत नाही.

मग ही पुस्तके आली कोठून, असा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर पहिल्या शतकातील लहान लहान मंडळ्यांच्या उपासनेत आहे. पौलाची पत्रे इ.स. ५० च्या आसपासपासूनची आहेत, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांच्या आधीची. थेस्सलनीकाच्या मंडळीला तो शपथ घालून सांगतो की हे पत्र सर्व बंधूंना वाचून दाखवा. कलस्सैकरांना सांगतो की तुमच्याकडे वाचून झाले की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचवून घ्या आणि त्यांच्याकडचे पत्र तुम्ही वाचा. अशा देवघेवीतून प्रती तयार झाल्या आणि संग्रह जमत गेले. इ.स. १५० च्या सुमारास रोममध्ये जस्टिन हा ख्रिस्ती लेखक लिहितो की रविवारी सर्व जण एकत्र जमतात आणि प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जातात. माझ्या मते कॅननच्या इतिहासातील हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे, कारण त्या काळी यादी कोठेच नव्हती, पण वाचन होते, आणि संदेष्ट्यांच्या शेजारी प्रेषितांच्या आठवणींना स्थान मिळालेले होते. आफ्रिकेतील सिल्ली गावच्या ख्रिस्ती लोकांना इ.स. १८० मध्ये कार्थेजला न्यायासनापुढे उभे केले, तेव्हा तुमच्या पेटीत काय आहे असे अधिकाऱ्याने विचारले. त्यांच्यापैकी स्पेरातुसने उत्तर दिले की पुस्तके आहेत आणि पौल नावाच्या एका नीतिमान माणसाची पत्रे आहेत. थोड्याच वेळात त्या सर्वांना शिरच्छेदाची शिक्षा झाली.

यादीची गरज पहिल्यांदा भासली ती वादामुळे. काळ्या समुद्राकाठच्या सिनोपे येथून रोमला आलेला मार्सियन हा श्रीमंत जहाजमालक म्हणू लागला की यहूद्यांचा देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा. त्याने जुना करार पूर्णपणे बाजूला सारला आणि काटछाट केलेले लूकचे शुभवर्तमान व पौलाची दहा पत्रे एवढाच संग्रह मान्य केला. इ.स. १४४ मध्ये रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढले आणि त्याने दिलेली मोठी देणगीही परत केली. याउलट आणखी काही लोक नवनवी शुभवर्तमाने पुढे आणत होते. लिओंचा बिशप इरेनेयस याने इ.स. १८० च्या सुमारास या दोन्ही बाजूंना उत्तर देताना सांगितले की शुभवर्तमाने चारच, अधिक नाहीत आणि उणी नाहीत. चार दिशा आणि चार वारे यांचा जो दाखला त्याने दिला तो आजच्या वाचकाला पटणार नाही, पण चार शुभवर्तमाने तेव्हाच सर्वत्र रूढ होती म्हणूनच त्याला ते समजावून द्यावेसे वाटले, हे उघड आहे.

मिलानच्या ग्रंथालयात सापडलेले आणि १७४० मध्ये मुरातोरीने प्रसिद्ध केलेले एक त्रुटित हस्तलिखित याच काळातील यादी सांगते, असे पुष्कळ अभ्यासक मानतात, काही जण मात्र ती चौथ्या शतकातील मानतात. तिच्यात इब्री लोकांस पत्र नाही, याकोबाचे पत्र नाही आणि पेत्राची पत्रेही नाहीत. मात्र शलमोनाचे ज्ञान हे पुस्तक आहे. ‘हर्मासचा मेंढपाळ’ हे त्या काळी लोकांना फार आवडणारे पुस्तक होते. त्याविषयी हे हस्तलिखित म्हणते की ते अगदी अलीकडे, आपल्याच काळात रोममध्ये लिहिले गेले आहे, म्हणून ते वाचावे, पण मंडळीत संदेष्ट्यांच्या किंवा प्रेषितांच्या लेखनाबरोबर जाहीरपणे वाचू नये. पुस्तक प्रेषितांच्या पिढीतले आहे का, ही कसोटी येथे स्पष्ट दिसते. जे पुस्तक यादीत नाही त्याला आग लावावी असे कोणाच्या मनातही नव्हते, हेही येथेच दिसते. चौथ्या शतकातील प्रसिद्ध सिनाय हस्तलिखितात नव्या कराराच्या शेवटी हर्मासचे पुस्तक आणि बर्णबाच्या नावाचे पत्र एकाच बांधणीत आहे.

कसोटी प्रत्यक्षात कशी लावली जाई याची एक हकीकत मंडळीचा पहिला मोठा इतिहासकार युसेबियस याने आपल्या इतिहासात जपून ठेवली आहे. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस सेरापियन हा अंत्युखियाचा बिशप होता. रोसस नावाच्या किनाऱ्यावरील गावी तो गेला असता तेथील लोक ‘पेत्राचे शुभवर्तमान’ वाचू की नको यावरून भांडत होते. त्याने ते पुस्तक पाहिलेले नव्हते, तरी एवढ्यावरूनच तुमच्यात कुरबुर असेल तर वाचा, असे सांगून तो परतला. पुढे त्याला समजले की येशूचे शरीर खरे नव्हते, नुसता भास होता, असे शिकवणारे लोक या पुस्तकाचा आधार घेत आहेत. तेव्हा त्याने त्यांच्याचपैकी काहींकडून प्रत मागवून घेतली, ती स्वतः वाचली आणि रोससच्या मंडळीला कळवले की यातील बराचसा भाग तारणाऱ्याच्या खऱ्या शिकवणीला धरून आहे, पण काही गोष्टी पदरच्या घातलेल्या आहेत, आणि त्या गोष्टी त्याने उतरवून काढून पत्रासोबत पाठवल्या. पेत्राला आणि इतर प्रेषितांना आपण ख्रिस्तासारखेच मान देतो, पण त्यांच्या नावावर खपवलेले लेखन आपल्याला परंपरेने मिळालेले नाही म्हणून नाकारतो, असे त्याने लिहिले. पुस्तक कोणाचे, ते मंडळीला पूर्वापार मिळालेल्या विश्वासाशी जुळते का, आणि ते इतर मंडळ्यांतही वाचले जाते का, या तीन चौकश्या पुढे दोनशे वर्षे होत राहिल्या. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन याने सांगितलेली गोष्ट तर याहून कठोर आहे. आशिया प्रांतातील मंडळीच्या एका वडिलाने, म्हणजे धर्मसेवकाने, पौलाच्या नावाने कथा रचल्या आणि उघडकीस आल्यावर, पौलावरच्या प्रेमापोटी लिहिले असे कबूल केले. तरीही त्याला पद सोडावे लागले. हेतू चांगला होता म्हणून बनावट लेखन चालवून घेतले गेले नाही.

बादशहाने बायबल ठरवले असे ज्यांना वाटते त्यांनी निकियाच्या अवघ्या २२ वर्षांआधीचा प्रसंग वाचावा असे मला कळकळीने वाटते. इ.स. ३०३ मध्ये डायक्लेशियन बादशहाने ख्रिस्ती लोकांची प्रार्थनास्थळे पाडण्याचा आणि पवित्र शास्त्रे जाळण्याचा हुकूम काढला. त्या वर्षी १९ मे रोजी उत्तर आफ्रिकेतील सर्टा नगरात नगरप्रमुख फेलिक्स मंडळीच्या घरी शिरला, त्या झडतीचा सरकारी पंचनामा शिल्लक आहे. सोन्याचे दोन प्याले, चांदीचे सहा, गरिबांसाठी ठेवलेले स्त्रियांचे ८२ अंगरखे, अशी सगळी नोंद त्यात आहे. पुस्तके मागितल्यावर कातुल्लिनुसने एक मोठा ग्रंथ आणून दिला. एकच का, असे विचारल्यावर उत्तर मिळाले की बाकीची वाचकांकडे, म्हणजे उपासनेत शास्त्र वाचून दाखवणाऱ्यांकडे, आहेत. वाचकांची नावे सांगण्यास नकार देणाऱ्यांना अटक झाली आणि मग कारकुनांसह घरोघर फिरणे सुरू झाले: एकाकडे चार ग्रंथ, फरशीकाम करणाऱ्या फेलिक्सकडे पाच, व्हिक्टोरिनुसकडे आठ, व्हिक्टर या शिक्षकाकडे दोन ग्रंथ आणि चार सुट्या वह्या, कोद्देओच्या घरून त्याच्या पत्नीने सहा आणून दिले, तेव्हा आणखी लपवले असतील म्हणून घराची झडती झाली, पण काही सापडले नाही. ज्यांनी ग्रंथ स्वाधीन केले त्यांना पुढे मंडळीत विश्वासघातकी म्हटले गेले आणि त्यावरून आफ्रिकेतील मंडळी शंभर वर्षे दुभंगलेली राहिली. कार्थेजचा बिशप मेन्सुरियस याने तर खरी शास्त्रे सुरक्षित ठिकाणी हलवली, पाखंडी मतांची पुस्तके मंडळीत राहू दिली आणि शिपायांनी तीच उचलून नेली, असे त्याने स्वतः लिहिले. कोणत्या पुस्तकासाठी जीव द्यायचा आणि कोणते शिपायांच्या हाती जाऊ द्यायचे, हे या लोकांना कोणत्याही परिषदेच्या आधी माहीत होते.

सगळ्यांचे सगळ्या पुस्तकांवर एकमत होते असे मात्र मुळीच नाही, आणि येथे माझ्याच मंडळीतील काही बंधुभगिनींशी माझा मतभेद आहे. ६६ पुस्तकांची यादी जणू प्रेषितांच्या काळीच तयार होऊन हाती आली, अशा थाटात आपण मुलांना शिकवतो, आणि मग ती मुले कॉलेजात गेल्यावर पहिल्याच प्रश्नाला गोंधळतात. युसेबियसने चौथ्या शतकाच्या आरंभी पुस्तकांची वर्गवारी केली: सर्वमान्य, वादग्रस्त आणि बनावट. चार शुभवर्तमाने, प्रेषितांची कृत्ये, पौलाची पत्रे, योहानाचे पहिले व पेत्राचे पहिले पत्र सर्वमान्य होती. याकोब, यहूदा, पेत्राचे दुसरे आणि योहानाचे दुसरे व तिसरे ही पत्रे पुष्कळांना परिचित असूनही वादग्रस्त होती. प्रकटीकरण त्याने सर्वमान्य आणि बनावट अशा दोन्ही वर्गांत, ‘योग्य वाटल्यास’ अशी पुस्ती जोडून घातले, एवढी त्याची द्विधा मनःस्थिती होती. इब्री लोकांस पत्र पूर्वेकडे मान्य आणि पश्चिमेकडे संशयित होते, कारण त्याचा लेखक कळत नव्हता. ते कोणी लिहिले हे देवच जाणे, असे तिसऱ्या शतकातील विद्वान ओरिजेन याने म्हटले आहे. प्रकटीकरणाचे नेमके उलट होते: पश्चिमेला ते मान्य, पूर्वेला संशयित. अलेक्झांड्रियाच्या डायोनिशियसने तिसऱ्या शतकात दाखवून दिले की प्रकटीकरणाची ग्रीक भाषा योहानाच्या शुभवर्तमानाच्या भाषेपेक्षा फार वेगळी आहे, आणि तरीही त्याने ते पुस्तक टाकून दिले नाही. कालांतराने दोन्ही बाजूंनी एकमेकांचे पुस्तक स्वीकारले. हिप्पो येथे ३९३ मध्ये आणि कार्थेज येथे ३९७ मध्ये परिषदांनी याद्या मंजूर केल्या, त्या प्रांतिक परिषदा होत्या आणि त्यांत कोणी बादशहा नव्हता. ग्रीक ऑर्थोडॉक्स मंडळीत प्रकटीकरण शास्त्रात गणले जाते, तरी उपासनेतील नेमलेल्या वाचनांत त्याचा समावेश आजही नाही.

आपल्याकडील वाचकाला हे समजायला तुकोबांच्या गाथेचे उदाहरण पुरेल. १८६९ ते १८७३ या काळात सरकारी खर्चाने गाथा छापली गेली, त्याच्या कितीतरी आधीपासून वारकऱ्यांच्या फडांवर तुकोबांचे अभंग म्हटले जात होते. संपादकांनी ते गोळा केले, पाठ ताडून पाहिले, प्रक्षिप्त कोणते यावर वाद घातले, आणि निरनिराळ्या गाथ्यांतील अभंगांची संख्या आजही सारखी नाही. म्हणून सरकारने तुकोबांचे अभंग निवडले असे कोणी म्हणत नाही.

आता जुन्या कराराकडे वळते, कारण नागपुरात या विषयाची खरी अडचण तेथे येते. काही काळापूर्वी आमच्या नात्यातील एका मुलीचे लग्न सदरच्या कॅथलिक कॅथेड्रलमध्ये झाले. मिस्सामध्ये (कॅथलिक उपासनेत) पहिले वाचन तोबितच्या पुस्तकातले होते: लग्नाच्या रात्री तोबियस आणि सारा उठून प्रार्थना करतात तो उतारा. आमच्या बाजूच्या मंडळींना तो फार आवडला. घरी आल्यावर मुलीच्या मोठ्या काकूंनी तो पुन्हा वाचण्यासाठी आपले बायबल उघडले, अनुक्रमणिका दोनदा पाहिली आणि मला फोन करून विचारले, “अगं, हे तोबित गेलं कुठे?” मुलीच्या सासरच्या बायबलमध्ये ७३ पुस्तके होती आणि काकूंच्या बायबलमध्ये ६६. तेव्हापासून हा प्रश्न आमच्या घरात तात्त्विक राहिलेला नाही.

येशूच्या काळी इब्री शास्त्रांच्या जोडीला त्यांचे ग्रीक भाषांतर प्रचारात होते. त्याची सुरुवात अलेक्झांड्रियात ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात झाली. पहिल्या ख्रिस्ती लोकांपैकी बहुतेकांचे शास्त्र हेच ग्रीक शास्त्र होते, आणि त्याच्या प्रतींबरोबर तोबित, यूदीथ, शलमोनाचे ज्ञान, सिराख, बारूख, मक्काबींची दोन पुस्तके ही इब्री संग्रहाबाहेरची पुस्तकेही वाचली जात. यहूदी इतिहासकार योसेफस पहिल्या शतकाच्या अखेरीस आपल्या लोकांची पुस्तके २२ असल्याचे सांगतो. यहूदी लोक आज ती २४ मोजतात आणि आमच्या बायबलमध्ये तीच ३९ होतात, कारण राजांची, इतिहासाची, बारा संदेष्ट्यांची अशी काही पुस्तके आम्ही वेगवेगळी धरतो. लॅटिन भाषांतर करताना जेरोमने इब्री संग्रहालाच प्रमाण मानले आणि बाकीची पुस्तके मंडळीच्या बोधासाठी वाचावीत, सिद्धांत ठरवण्यासाठी वापरू नयेत, असे मत दिले. हिप्पोचा बिशप ऑगस्टिन याला ते मान्य नव्हते. मंडळ्या जी पुस्तके वाचत आल्या आहेत ती त्याच्या दृष्टीने शास्त्र होती. हिप्पो आणि कार्थेजच्या याद्या ऑगस्टिनच्या बाजूच्या आहेत. हा मतभेद हजार वर्षे मंडळीच्या पोटात राहिला आणि त्यावरून कोणी वेगळे झाले नाही.

१५१९ मध्ये लाइपझिगच्या वादविवादात मृतांसाठी प्रार्थना करण्याचा आधार म्हणून मक्काबींचे दुसरे पुस्तक पुढे केले गेले, तेव्हा प्रॉटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक ल्यूथर याने ते पुस्तक सिद्धांतासाठी प्रमाण नाही असे उत्तर दिले, आणि तेथून जुना मतभेद भांडणात बदलला. तरी ल्यूथरच्या १५३४ च्या जर्मन बायबलमध्ये ही पुस्तके दोन करारांच्या मधोमध छापलेली आहेत, पवित्र शास्त्राच्या तोडीची नसली तरी वाचण्यास उपयुक्त आणि चांगली, अशा शेऱ्यासह. ट्रेंट येथील कॅथलिक परिषदेने ८ एप्रिल १५४६ रोजी ती पूर्ण प्रमाण असल्याचे जाहीर केले. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्येही ती होती. ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने १८२६ मध्ये ती छापण्यावर पैसा खर्च करायचा नाही असे ठरवले आणि तिच्या मदतीने जगभर जी बायबले गेली त्यांतून ती नाहीशी झाली. काकूंचे बायबल त्या वंशातले आहे. तेव्हा कॅथलिकांनी सात पुस्तके घुसडली असे आमच्यापैकी काही म्हणतात तेही खरे नाही, आणि प्रॉटेस्टंटांनी बायबलची पाने फाडली असे त्यांच्यापैकी काही म्हणतात तेही खरे नाही. दोघांच्याही पाठीशी चौथ्या शतकातला एकेक थोर माणूस उभा आहे.

नागपुरात या दोन्ही परंपरा जवळजवळ एकाच वेळी आल्या. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये येथे आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, आणि त्या मंडळीचा मतांगीकार सतराव्या शतकात वेस्टमिन्स्टर येथे तयार झालेला, ज्यात ६६ पुस्तके नावानिशी दिली आहेत. संत फ्रान्सिस डी सेल्सच्या संघाचे कॅथलिक धर्मगुरू त्याच दशकात आले आणि १८८७ मध्ये नागपूर हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच शहरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची (सीएनआय) स्थापना झाली. त्यांतील अँग्लिकन परंपरेत ही जास्तीची पुस्तके जीवनाच्या उदाहरणासाठी वाचावीत, पण त्यांवर सिद्धांत उभारू नये, असा जेरोमच्याच मताचा नियम सोळाव्या शतकापासून आहे. म्हणजे सीएनआयच्या सभासदाने तोबित वाचले तर तो आपल्या वारशाबाहेर जात नाही, आणि हे मी काकूंनाही सांगितले.

यापुढचा प्रश्न अवघड आहे आणि तो टाळणे बरे नाही. मंडळीने या पुस्तकांना अधिकार दिला, की पुस्तकांचा मुळातला अधिकार मंडळीने ओळखला? कॅथलिक बंधू म्हणतात की पुस्तके प्रेरित आहेत ती देवामुळेच, परंतु कोणती प्रेरित हे खात्रीने सांगण्याचा अधिकार पवित्र आत्म्याने चालवलेल्या ख्रिस्तसभेला आहे. वेस्टमिन्स्टरचा मतांगीकार म्हणतो की शास्त्राचा अधिकार कोणा माणसाच्या किंवा मंडळीच्या साक्षीवर अवलंबून नाही; त्याची पूर्ण खात्री आपल्या अंतःकरणात पवित्र आत्मा देतो. मी या दुसऱ्या मताची आहे. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय वाचताना तो कोणाच्या तरी मंजुरीमुळे खरा आहे असे मला वाटू शकत नाही. परंतु आतली साक्ष एकट्या माणसाला यादी करून देत नाही, हेही मला मान्य करावे लागते. ल्यूथरला १५२२ मध्ये याकोबाचे पत्र इतके कमअस्सल वाटले की त्याने त्याला गवती पत्र म्हटले आणि इब्री, याकोब, यहूदा व प्रकटीकरण ही चार पुस्तके अनुक्रमांक न देता शेवटी टाकली. एवढ्या मोठ्या माणसाची आतली साक्ष त्या दिवशी तसे सांगत होती. पण त्याने ती पुस्तके काढली नाहीत, कारण त्याच्याआधी असंख्य मंडळ्यांनी ती वाचली होती, आणि त्याच्या अनुयायांनी ती चारही आजतागायत ठेवली आहेत. कर्ज फिटत नाही, छळ संपत नाही, मूल आजारी आहे, अशा अवस्थेत शेकडो वर्षे, निरनिराळ्या देशांत, एकमेकांना न भेटलेल्या माणसांनी ज्या पुस्तकांत देवाचा शब्द ऐकला, त्यांचे ते ऐकणेही आत्म्याचेच काम होते असे मी मानते. आणि ते काम सगळीकडे एकाच मापाने झाले नाही. सिरियाक भाषेच्या जुन्या पेशित्ता भाषांतरात नव्या कराराची २२ च पुस्तके आहेत आणि पूर्वेकडील अश्शूरी मंडळी, जिची एक शाखा केरळात त्रिशूरला आहे, उपासनेत त्याच २२ मधून वाचते. इथिओपियाची मंडळी ८१ पुस्तके मानते. त्यांत हनोखाचे पुस्तक आहे, ज्यातील वचन यहूदाच्या पत्रात उद्धृत झालेले आहे आणि जे संपूर्ण स्वरूपात फक्त इथिओपियाच्या गीझ भाषेतच टिकले. असे असूनही मत्तय, मार्क, लूक, योहान आणि पौलाची पत्रे यांवर या सर्व मंडळ्यांत मतभेद नाही.

‘लपवलेल्या’ शुभवर्तमानांबद्दल फार लिहीत नाही. १९४५ मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ मडक्यात सापडलेली पुस्तके, थोमाच्या नावाच्या शुभवर्तमानासह, भाषांतरित होऊन सर्वत्र उपलब्ध आहेत. वरच्या वर्गातील मुलांना मी ती अवश्य वाचायला सांगते. मार्कच्या शुभवर्तमानाशेजारी ठेवून ती वाचली की फरक कोणी समजावून सांगावा लागत नाही.

आपणास दोन विनंत्या आहेत. निकियाच्या परिषदेत बायबलची पुस्तके मतदानाने ठरली, हे विधान चुकीचे असल्याची दुरुस्ती आपण पुढील रविवारच्या पुरवणीत, मूळ लेखाइतक्याच ठळकपणे छापावी. आणि या विषयावर पुन्हा लेख मागवताना नागपुरातच उपलब्ध असलेल्या जाणकारांना विचारावे. सेमिनरी हिल्सवरील सेंट चार्ल्स सेमिनरीत कॅथलिक धर्मगुरूंचे शिक्षण होते, राष्ट्रीय ख्रिस्ती मंडळी परिषदेचे मुख्यालय सिव्हिल लाइन्सला आहे, आणि दोन्ही ठिकाणी या प्रश्नाचा अभ्यास केलेली माणसे भेटतात. त्यांची उत्तरे एकमेकांशी सर्वस्वी जुळणार नाहीत. तीही तशीच शेजारी शेजारी छापावीत.

आपली विश्वासू,
संडे स्कूलची एक शिक्षिका,
सदर, नागपूर